ऊर्जिताला, पुस्तकांबद्दल

तू विचारलंस, मामा, फौजदारी कायदा घेतलाय,
सुट्टीत काय वाचू, चार नावं सांग.
मी सोहार बंदरात नटबोल्ट मोजणारा माणूस,
माझ्या खोलीत पुस्तकं तीन.
एक पंचांग, तेही गेल्या वर्षीचं.
एक, तीस दिवसांत अरबी शिकवणारं,
ज्याला मला नऊ वर्षं लागली.
तिसऱ्याचं नंतर सांगतो.

जाडजूड ग्रंथ तुझे सर सांगतीलच.
कुणा न्यायाधीशानं निवृत्तीनंतर लिहिलेलं वाच,
पण त्यात तो किती वेळा 'मी चुकलो' म्हणतो
ते पेन्सिलीनं मोज.
शून्य आलं तर लायब्ररीत परत कर.

मिळालं तर एखाद्या कंपनीचं सेफ्टी रजिस्टर वाच,
कादंबरीसारखं नाही, सावकाश.
आमच्याकडच्यात पंधरा दिवसांच्या सह्या
एकाच निळ्या शाईत, एकाच बाजूला कललेल्या,
आणि त्यात एक सही शफीउलची,
तो टाकीवरून पडला
त्याच्या दुसऱ्या दिवशीची तारीख घालून.

तारीख हा शब्द अरबीच. वकीलही.
हुकूम, कैद, जामीन, सगळे इकडचे,
फिरत फिरत आपल्या तालुका कोर्टात येऊन बसलेले.
म्हणून मला वाटलं, जमेल दुभाष्याचं काम.
कंपनीनं पाठवलं. मी इस्त्रीचा शर्ट घातला.

विश्राम तोरसकर, गुहागरकडचा, परांची बांधणारा.
ऑगस्टातले सकाळचे दहा,
हातमोज्यात घाम साठलेला.
त्यानं शफीउलचं मनगट धरलं होतं.
कोर्टात म्हणाला, 'साहेब, हातातून सुटला.'
मी अरबीत सांगितलं,
यानं सोडला.

लिहिणाऱ्यानं लिहून घेतलं.
कुणी मान वर केली नाही,
विश्रामनंसुद्धा नाही, त्याला काय कळणार.
आणि मला कळलं रात्री, फोडणी देताना.
मोहरी जळून काळी होईपर्यंत
मी गॅससमोर उभा.

सकाळी जाऊन सांगितलं. म्हणाले, अर्ज द्या.
अर्ज दिला. शिक्का. दुसरी खिडकी. शिक्का.
रविवारी या. रविवारी सुट्टी कुणाची तरी.
विश्राम चौदा महिने आत.

तर तिसरं पुस्तक.
शाळेचं मराठी व्याकरण, कव्हर गेलेलं,
गेल्या खेपेला रद्दीवाल्याकडून वीस रुपयांना आणलेलं.
त्यातला क्रियापदांचा धडा वाच.
फुटणे, फोडणे. तुटणे, तोडणे. पडणे, पाडणे.
मरणे, मारणे.
आम्ही हे डोलत डोलत पाठ करायचो
आणि सामंतबाई पट्टी आपटून विचारायच्या,
कर्ता कोण?
तुझ्या पाच वर्षांच्या फीचा प्रश्न बहुतेक हाच आहे गं.
उकाराचा ओकार झाला, टचा ड झाला,
आणि एका माणसाच्या पोरीचं बारसं
त्याच्याशिवाय उरकलं.

सुटला तेव्हा मीच नेला त्याला मस्कतपर्यंत.
बरकाच्या अलीकडे गाडी थांबवून सुलेमानी प्यायलो,
तो बशीत ओतून, फुंकर घालून.
विमानतळावर त्यानं माझं मनगट धरलं,
दोन्ही हातांनी, आपटबार उडवावा तसा एकदम हसला,
'तुमच्यामुळे सुटलो, भाऊ.'
त्याला माझ्या फक्त फेऱ्या दिसल्या होत्या.
अर्जात काय होतं ते अरबीत होतं.
मी सांगितलं नाही.
सांगणे सकर्मक आहे,
तेही बघून ठेवलंय.

पुस्तक एका सावंतवाडीच्या पोराबरोबर पाठवतोय,
पान चव्वेचाळीस दुमडलंय, उलगडू नकोस.
परीक्षा कधी आहे तुझी?